एका ओळीत दोन क्लॅरिनेट

३ जानेवारी
आजपासून रोज तासभर रियाज. ठरलं. आमच्या अमरावतीच्या हौशी वाद्यवृंदाचे संचालक खुशालराव यांनी आपली नवी रचना कॉम्प्युटरवर उतरवायचं काम माझ्यावर सोपवलंय. पुढच्या महिन्यात अकोल्यात कार्यक्रम. वृंदात क्लॅरिनेट दोन. पहिली प्रणालीची, दुसरी माझी. हा क्रम निव्वळ योगायोग.

५ जानेवारी
रियाज राहिला. आधी स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे स्वर एकाखाली एक मांडलेली पानं. खुशालरावांनी प्रत्येकाला वेगळी ओळ दिली आहे, पानं फार होतात. पद्धत अशी की जोडीची वाद्यं एकाच ओळीत बसवायची. पहिल्याच्या स्वरांच्या खुणांना दांडी वर, दुसऱ्याच्या खाली. दोघांचं सारखं असेल तर नुसतं ‘दोघे’ लिहायचं.

८ जानेवारी, दुपार
बासऱ्या छान बसल्या. क्लॅरिनेटमध्ये गुंता. माझ्या वाट्याला भराभर पळणारे स्वर, खाली नुसती दांड्यांची गर्दी. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी माझे स्वर काढले, ‘दोघे’ लिहिलं. आता मीही प्रणालीचीच चाल वाजवणार. बायको शकुन म्हणाली, तुमाले ते वाजवता येत नव्हतं म्हणून काढलं. तिला या कामातलं काही कळत नाही.

१९ जानेवारी
तालीम. प्रणालीची चाल फार वर जाते. थंडीमुळे वरचे स्वर निघेनात. तिथे नुसती बोटं फिरवली. खुशालराव म्हणाले, दोन क्लॅरिनेट अगदी एकावानी वाजून राहिल्या. शाबासकी घेतली. उद्यापासून रियाज नक्की.

२ फेब्रुवारी
कोट शिवायला टाकला. अकोल्याचे साडू गोपालराव मला नेहमी विचारतात, वाजवता तरी कवा? त्यांना पुढची खुर्ची धरायला सांगितलं.

१२ फेब्रुवारी
अकोल्याला जायच्या गाडीत एक माणूस जास्त होतोय. खुशालरावांनी स्कोअर उघडला. लिखाण इतकं स्वच्छ की त्यांना लगेच उमगलं. म्हणाले, देवीदासभाऊ, दोघायले एकच हाये तं दोघं कावून न्यायचे? मी म्हटलं, तुमच्या मूळ कागदात वेगळं होतं. ते म्हणाले, होतं, पण तालमीत मले काही कमी वाटलं नाही.
कोट आला. बाह्या थोड्या लांब आहेत.

१५ फेब्रुवारी, रात्र
वृंद अकोल्याला गेला, मी घरीच. दिवसभर फार वाईट वाटलं. गोपालरावांना कळवायचं राहूनच गेलं. त्यांचाच फोन आला. म्हणाले, पुढच्या खुर्चीवर बसलो होतो, गर्दीत तुमी काही दिसले नाही, पण क्लॅरिनेट लय गोड वाजवली, आजपासून तुमाले काही बोलणार नाही.
मी आभार मानले.