तुमी बघून आलात तो आयतवार

गुर्जी, तुमी जाऊन लय वर्षं झाली. माझी नात वकिली शिकायलीय, तिनं काल तुमची चूक मला समजून सांगितली, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडं हाय. दुसरीपर्यंत तुमी शिकवलं, पुढं बापानं कापूस वेचायला धाडलं, तवा तक्रार त्याच्याकडं करा.

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या साली जिंतूरच्या जिनिंगमधून आमच्या यांना कामावरून काढलं. मुकादम म्हणाला, वजनकाट्यापाशी उभा होतो, तिथून ह्याला रुईच्या ढिगाजवळ बिडी ओढताना बघितलं. हे म्हणत, ओढली न्हाई. घरी तर बिडीवाचून यांचा घंटा जात नव्हता. चौकशी शेठच्या हापिसात, खुर्चीत बसूनच झाली. कोर्टात वर्षं जातील म्हणून युनियननं आन शेठनं मिळून पंच नेमायचं ठरवलं, आन दोघांनी नाव घेतलं तुमचं. तुमी रिटायर झालेले, कुणाच्या चहालाही मिंधे न्हाई. मला वाटलं, सुटलो.

मग तो आयतवार. जिनिंग बंद. मी दारात तूर पाखडायलेय, तर तुमी धोतराचा सोगा धरून उन्हातून येता. घामानं चिंब. मी तांब्या पुढं केला, तुमी हात मागं घेतला. आमी बौद्ध झालो त्या साली माझ्या बापाच्या घरचं पाणी गावात पयल्यांदा पिलात ते तुमीच. मी बोललेच, "आता आमचं पाणी चालत न्हाई का?" तुमी हसला न्हाईत. "पंच आहे मी. फैसला होईपर्यंत तुझंही नको, शेठचंही नको. झाला की भाकरीच खायला येतो." आन गेलात. कुठून आलात ते मी इचारलं न्हाई, तुमी सांगितलं न्हाई.

फैसला आमच्या बाजूनं लागला, कामावर परत घ्या. त्यात तुमी लिवलं होतं, आयतवारी मी स्वतः जाऊन काट्यापाशी उभा राहिलो, मधल्या भिंतीमुळं तिथून ढीग दिसतच नाही. शेठचा वकील तेवढी एक ओळ घेऊन मुंबईला हायकोर्टात गेला. मागनं आमीही गेलो. मागच्या बाकावर हे आन मी, पुढं सगळं इंग्रजीत चाललेलं. बाहेर आल्यावर आमच्या वकिलानं सांगितलं, फैसला रद्द. पंचानं एकट्यानं जाऊन बघितलं, शेठला कळवलं न्हाई, त्याला त्यावर बोलायची संधी मिळाली न्हाई.

"आन बिडीचं? ओढली का न्हाई?"

"तो प्रश्न इथं नव्हता, बाई."

"मग इतक्या लांब आणलं कशाला? समुद्र दाखवायला?"

हे भिंतीला टेकून खाली बसले.

शेठ दुसऱ्या पंचाला राजी न्हाई. नव्यानं लढायला आमच्यात त्राण न्हाई. आग लावील म्हणून दुसरं जिनिंग यांना दारात उभं करंना. हे खडी फोडायला गेले. तुमी एसटी स्टँडवर भेटलात तवा मी भर लोकांत तोंड सोडलं, "माझं पाणी टाळलंत, मग भिंत बघायला कुणी सांगितलं होतं? आन बघितली तर बघितली, लिवलं कशाला?" तुमी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "न बघता फैसला कसा लिहू, पोरी? आणि बघून लपवू कसं?" त्याच उन्हाळ्यात तुमी गेलात. भाकर राहिलीच.

नात म्हणते, "आजी, कोर्टाचं बरोबर होतं. पंच असाच एकटा शेठकडं जाऊन आला असता आणि आजोबांच्या विरुद्ध लिहिलं असतं, तर?"

"त्याचं थोबाड फोडलं असतं."

"मग कोर्टानं तेच केलं."

पोरगी बरोबर हाय. एक माणूस शेठचा, एक युनियनचा संगं नेला असतात, तर भिंत तीच दिसली असती आन हे कामावर राहिले असते. हे कळल्यापासून जास्तच जळायलंय. तोवर निदान कोर्टाला शिव्या देता येत होत्या. तुमाला शिव्या देऊ म्हणलं, तर त्याही येईनात. मुकादम, शेठ, जज्ज, सगळे खुर्चीतून बोलले, उन्हात जाऊन उभे राहिले ते तुमी एकटे.

हे लिवलेलं कुठं धाडणार? डब्यात घालते. नातीला सांगितलं न्हाई ते तेवढं तुमाला सांगते. हायकोर्टानं तुमची ती भिंतीची ओळ रद्द केली, पण मी न्हाई केली. यांनी बिडी ओढली न्हाई, हे मला त्या ओळीनं पटलं. तोवर रोज यांच्या ताटात भाकर वाढताना मला वाटायचं, ओढलीच असंल.