दाराचे वजन बॉम्ब नसल्याबाबत

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
पोलीस ठाणे, पिपरखारी, जि. गोंदिया

विषय : धानाच्या खोलीचे सील काढून बियाणे मिळणेबाबत.
संदर्भ : १) आपला पंचनामा, दि. ६ जून २०२४. २) आभाळ, आजचे.

महोदय,

१. अर्जदार दुर्पता धनसिंग मडावी, राहणार बोदलटोला. अर्जदाराचे सासरे कै. सुकराम मडावी फौजेत रंगरुटांना हातगोळा फेकायला शिकवीत. निवृत्तीच्या वेळी त्यांना सरावाचा एक निकामी गोळा आठवण म्हणून मिळाला. तो पोकळ असून कुशीत आरपार भोक आहे. त्या भोकात दोरी ओवून तीस वर्षे तो खोलीच्या दाराला वजन म्हणून टांगला आहे. दार आपोआप लागते, शेळ्या आत शिरत नाहीत.

२. दि. ६ रोजी आपले जमादार साहेब शेजारच्या हरवलेल्या शेळीच्या तपासात खोलीत शिरले. मागे दार धाडकन लागले. त्यांनी अर्जदाराची टॉर्च मागून घेऊन वर पाहिले आणि "बॉम्ब!" म्हणत अर्जदाराच्या आधी बाहेर आले. पंचनाम्यात "खटका, स्प्रिंग व पिन गायब, सबब केव्हाही फुटेल" असे लिहून, अर्जदाराच्याच कुलपाने दार बंद करून किल्ली नेली.

३. (पहाऱ्यावरच्या शिपायाने वाचून खोडायला लावला. त्याच्या घोरण्याबाबत होता.)

४. बॉम्बनाशक पथक तेव्हापासून येणार आहे. तोवर शिपाई दुर्गेश ओसरीत बसून म्हणतात, "काकू, झाडू हळू मार व, काऊन दोघाइलेबी वर पाठवून राहिली?" जेवायला मात्र दाराला टेकूनच बसतात. आत पऱ्ह्याचे, म्हणजे धानाच्या रोपांचे, बियाणे आहे. गावाचे पऱ्हे टाकून झाले. उंदरांना सील लागू नाही. चार दिवसांत बी पडले नाही, तर रोवणीला अर्जदाराकडे फक्त चिखल राहील.

५. सबब गायब भाग ओळखून देत आहे. खटका : अर्जदार त्याने भाताच्या गंजातली (पातेल्यातली) खरवड काढते. स्प्रिंग : टॉर्चमध्ये आहे. जमादार साहेबांनी बॉम्ब त्याच टॉर्चने पाहिला. पिन, कडीसकट : त्या कडीत अर्जदाराची किल्ली असते. किल्ली आपल्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगली आहे. अर्जदाराने काल ठाण्यात येऊन ती पाहिली व बोट दाखवले, तर "लेखी द्या" असे सांगण्यात आले.

हे लेखी.

तरी पथकाची वाट पाहण्याआधी मान वळवून खिळा पाहावा. पिन पुराव्यासाठी ठेवून घ्यावी. किल्ली द्यावी.

आपली नम्र व ढगांखाली उभी,
दुर्पता धनसिंग मडावी
दि. १४ जून २०२४

सोबत : १) सासऱ्यांचा गोळ्यासह फोटो. २) खटका (घासून).