पान पाचवरची खोली

दि. ४ फेब्रुवारी

चि. बाळूस ताईचे आशीर्वाद.

तू घ्यायला निघालेल्या घराच्या तपासणीचा अहवाल पाठवलास आणि सोबतच्या चिठ्ठीत एका भिंतीला बारीकशी भेग आहे, बाकी घर झकास, असे लिहिलेस. अहवाल मी दोनदा वाचला, म्हणून हे पत्र लिहावे लागते आहे. भेग बारीकशी नाही. पूर्वेच्या कोपऱ्यात पाया खचला आहे, खिडकीवरच्या भिंतीचा भार पेलणारा लिंटेल मधोमध तडकला आहे आणि भेगेत आपले बोट शिरले, असे इंजिनिअरने स्वच्छ लिहिले आहे. चाळीस वर्षे शिंपीकाम केलेस म्हणून भिंतीलाही रफू करता येईल असे वाटते की काय?

विकणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणतात तसा वरून गिलावा करून रंग मारणे ही मलमपट्टी झाली, आणि ती त्यांनी तरी सुचवायला नको होती. भिंत का खचली ते आधी शोधा. अजून खचते आहे की थांबली, तेही. सोबत काचपट्ट्यांची डबी आहे. प्रयोगशाळेत बत्तीस वर्षे याच हाताळल्या. या मात्र विकत आणल्या आहेत. भेगेवर तीन जागी आडव्या लाव, दोन्ही टोके प्लास्टरने घट्ट बसव, खाली तारीख टाक. भिंत हलली तर काच फुटेल. सहा आठवडे कशावरही सही करायची नाही.

आणखी एक. पान पाचवर इंजिनिअरने त्या भेगेच्या खोलीला ‘ताईंची खोली’ म्हटले आहे. या ताई कोण? तुला एकट्याला तीन खोल्या कशाला, हे मी वर्षभर विचारते आहे. आता नीट उत्तर दे.

तुझी काळजी आणि तुझा राग, दोन्ही करणारी,
ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी इंजिनिअरला नुसते घर दाखवत होतो. हे स्वयंपाकघर, ही माझी खोली, ही ताईची, असे तोंडातून निघून गेले आणि त्या पठ्ठ्याने ते टाइप केले. वर आदराचा अनुस्वारही दिला. तुला मी पडदे शिवून झाल्यावर सांगणार होतो. पडदे झाले आहेत, अस्तरासकट.

मागच्या महिन्यात तू जिन्यात पडलीस, हे तू मला कळवले नाहीस. तुझ्या शेजारीणबाईंनी कळवले. तिसऱ्या मजल्यावर अजून किती वर्षे चढउतार करणार? हे घर तळमजल्याचे आहे. आत्ता आपण एकमेकांना पत्रातून दटावतो, ते समोरासमोर बसून दटावू. खचलेली खोली मी घेतो, तू माझी घे. तिच्यात दोष नाही, फक्त सकाळचे ऊन येत नाही.

काचपट्ट्या कालच लावल्या.

तुझ्या धाकातच बरा राहणारा,
बाळू


दि. १७ फेब्रुवारी

चि. बाळूस आशीर्वाद.

मी पडले नव्हते, बसले होते, जरा जोरात. शेजारीणबाईंशी मी बोलते.

खोल्यांची अदलाबदल नको. भिंत तुझ्या डोक्यावर पडलेली मला चालेल, असे तुला कोणी सांगितले? खोली राहण्याजोगी असेल तर कोणीही राहील, नसेल तर कोणीच नाही.

मी येईन असे मात्र धरून चालू नकोस. जन्मभर मी माझ्या दाराची किल्ली माझ्याजवळ ठेवली. शिवाय, पाया खचलेला असताना बारीकशी भेग लिहिणारा माणूस उद्या माझ्या तब्येतीचा कागदही मला अर्धाच वाचून दाखवेल. मला ते सोसणार नाही. पायऱ्या परवडल्या.

डॉक्टरीणबाईंना इंजिनिअरसमोर बसव. दुरुस्ती त्यांनी करायची, सहीआधी करायची आणि तसे लिहून द्यायचे. तोंडी काही नको.

वेळेवर जेवत जा.
ताई


दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईस न. वि. वि.

मधली काच नवव्या दिवशी फुटली. डबीत आणखी पट्ट्या होत्या. नवी लावून खाली जुनी तारीख टाकली असती तर तुला कळले नसते. दोन दिवस माझ्या मनात तेच होते, हेही लिहून टाकतो. घर हातचे गेले तर तू येणार नाहीस, हे ठाऊक असून कळवतो आहे.

फुटकी काच घेऊन इंजिनिअरकडे गेलो. त्याने डॉक्टरीणबाईंसमोर कोपरा खणवला. खाली सांडपाण्याचा पाइप सांध्यात निखळलेला. पाणी वर्षानुवर्षे पायात मुरत होते. बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या की पेशंटने दुखणे लपवले की मी त्याच्यावर ओरडते, आणि इथे मीच रंग मारायला निघाले होते. पाइप बदलून, पाया भरून, नवा लिंटेल टाकून देते, असे त्यांनी कागदावर दिले आहे. त्यानंतर नव्या काचा, पुन्हा सहा आठवडे. फुटल्या तर व्यवहार रद्द.

रागावली असलीस तर रागाव, पण पत्र पाठव.
बाळू


दि. १२ मे

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तिन्ही काचा अखंड असल्याचे तुझे पत्र पोचले आणि इंजिनिअरचेही. दोन्ही ताडून पाहिली, मजकूर एकच आहे. आता सही कर.

घर घ्यायचे आज ठरले. मी यायचे मात्र काच फुटल्याचे तुझे पत्र वाचले त्याच दिवशी ठरवले होते. तेव्हा सांगितले नाही, तू हवेत गेला असतास.

पूर्वेची खोली माझी. पडद्यांचा रंग तू अजून कळवला नाहीस, त्यावरून तो भडक असणार. असू दे.

निघेपर्यंत शेजारीणबाईंकडे राहते, गाडी शनिवारी सकाळी पोचते. स्टेशनवर लवकर येऊन ताटकळू नकोस, तरी येशीलच.

तुझी,
ताई

ता. क. आज इथे सुपूर्द केले ते असे. घरमालकांना: दाराच्या किल्ल्या दोन, टपालपेटीची एक, गच्चीची एक, मीटरचा आकडा लिहून दिला, त्यांची सही घेतली. शेजारीणबाईंना: कुंड्या पाच, मोठे पातेले एक, आणि तुझा पत्ता, माझा म्हणून.