बंदराले गेलेली बोट

बाबा,

समुद्राच्या तळाखालची माती काढणाऱ्या आमच्या जहाजाचे समुद्रातले चारच दिवस राहिले. मागच्या आठवड्यात आई फोनवर म्हणे, "रंजू, बाबा जेवून नाही राहिला. लवकर ये." त्याच दिवशी एक बोट बंदराले चालली होती. कप्तानानं विचारलं बी. पण तळातून माती भरून येणारी शेवटची नळी मले माह्या हातानं उघडायची होती. मीच नाही म्हटलं.

काल नळी वर आली, मी उघडली. सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या, मी बी वाजवल्या. आज आईनं तुह्या कानाले फोन लावला, तं तुही नुसती घरघर ऐकू आली. आता बोट नाही.

पत्र फोनवरून घरी पवनीले धाडलं तं आईच तुले वाचून दाखवन, अन् तिले बोटीचं समजन. म्हणून धाडत नाही.

चार दिवस थांब, बाबा. मंग मले मारजो, पण थांब.

तुही,
रंजू