शोभेची बाई नको

हेग, ११ मार्च १९५८

प्रिय हिल्का,

तुझं तिसरं पोस्टकार्ड काल आलं. त्यावर एकच ओळ: ‘खासदारीणबाई, जिवंत आहात का?’ आहे गं बाई, जिवंत आहे आणि दिवसाकाठी एकदा तरी कुणाशी ना कुणाशी भांडते आहे. परवाच संसदेच्या कॉफीच्या खोलीत एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, “बाई, तुम्ही जरा हसून बोललात तर तुमचं म्हणणं लोकांना पटेल.” मी म्हटलं, “तुम्ही एकदा तरी कागद वाचून आलात तर मला आपोआप हसू येईल.” आता ते मला पाहिलं की दुसऱ्या टेबलावर जातात. खिडकीजवळची जागा मला मोकळी मिळते. इथे सगळं आहे, फक्त आपल्याकडच्यासारखं मोहरीचं सूप कुणाला जमत नाही. आपल्या नॉर्डरव्हेनच्या कालव्यावरचा तो पुठ्ठ्याच्या कारखान्याचा वासही नाही. त्याची आठवण येते असं सांगितलं तर तू मला वेड्यात काढशील.

पण तू विचारलंस ते निराळंच होतं. तुझ्या मुलीच्या शाळेत कुणीतरी माझं चरित्र विचारलं, ‘रूलफीन राजकारणात कशी गेली,’ आणि तुला नीट सांगता आलं नाही म्हणून मला लिहायला सांगतेस. वर्तमानपत्रवाल्यांना मी दरवेळी तेच सांगते: शिक्षिका होते, युद्ध संपल्यावर नगरपालिकेत निवडून आले, पुढे सहा वर्षांनी इथे. ते सगळं खरं आहे. पण मी राजकारणात गेले ती सदतीस सालच्या त्या सोमवारी, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तुला तो सोमवार माझ्याहून जास्त आठवत असणार. हेडमास्तर बोल्हाउस शिक्षकांच्या खोलीत उभे राहिले आणि त्यांनी दोन कागद वाचले. पहिल्यात तुझ्या लग्नाबद्दल अभिनंदन, दुसऱ्यात लग्न होत असल्यामुळे सेवा समाप्त. एका हाताने हार, दुसऱ्या हाताने नारळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तुला कॉफीची किटली भेट दिली आणि तू ती छातीशी धरून म्हणालीस, “मग माझी बेचाळीस पोरं?” बोल्हाउस म्हणाले, “ती मिस रूलफीन बघतील.” मी मान हलवली, हिल्का. ‘हे चुकीचं आहे’ असं म्हणायला लागतात किती शब्द? तेवढेही निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुझ्या टेबलाशी मी बसले आणि पहिल्या बाकावरच्या पोराने विचारलं, “आमच्या बाई आजारी आहेत का?” मी ‘हो’ म्हटलं.

त्या हिवाळ्यात तू मला पत्र लिहिलंस. रागाचं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. त्यात होतं: ‘जी बाई बेचाळीस पोरांना एका आवाजात गप्प करते, ती एका नवऱ्याच्या येण्याने निकामी कशी होते, एवढं मला कुणी समजावून द्यावं.’ पुढे अठरा वर्षांनी इथे लग्न झालेल्या बायकांच्या नोकरीवरची ती बंदी उठवायचा ठराव आमच्यातल्या एकीने मांडला. माझी पाळी आली तेव्हा लिहून आणलेलं भाषण मी मिटून ठेवलं आणि तुझं ते वाक्य म्हटलं. सभागृह आधी हसलं, मग मतदान झालं. ठराव अवघ्या दोन मतांनी मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी ते वाक्य पेपरात माझ्या फोटोखाली छापून आलं आणि अजून लोक मला त्या वाक्यावरून ओळखतात. ते तुझं आहे, हे मी कुठेही सांगितलं नाही. तूही एका शब्दाने विचारलं नाहीस.

बंदी उठल्यावर तू अर्ज केलास आणि शाळेने कळवलं, आता वय झालं. चव्वेचाळिसाव्या वर्षी! त्या वयात पुरुष हेडमास्तर होतात. तू रडली नाहीस, कारखान्यातल्या बायकांसाठी वाचनालय काढायला निघालीस. खोलीच्या मालकाने करार पुढे केला आणि म्हणाला, “नवऱ्याची सही आणा.” बेरेंड बिचारा भला माणूस. त्याने हसत सांगितलं, “करतो की सही, आधी बटाटे तर वाढ.” तू ते मला गंमत म्हणून लिहिलंस. मला हसू आलं नाही. नवऱ्याच्या सहीचा तो कायदाही गेल्या वर्षी गेला. पण तुझं वाचनालय अजून बेरेंडच्याच नावावर आहे.

आता कामाचं. गेल्या शनिवारी नॉर्डरव्हेनला पक्षाच्या बैठकीला आले होते, आणि तुझ्याकडे न येता परतले. नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी नावं ठरायची होती. अध्यक्ष डेर्क म्हणाला, “यादीत एक बाई हवी. सातव्या नंबरला, शोभेपुरती.” मी म्हटलं, “दुसऱ्या नंबरला. आणि शोभेसाठी फुलदाणी ठेवा.” “अशी बाई आहे कोण?” मी तुझं नाव घेतलं. “बेरेंडची बायको?” “नाही. हिल्का ऑटेन्स. माझं ते प्रसिद्ध वाक्य तिचं आहे,” असं मी भर सभेत सांगितलं, त्या सोमवारनंतर एकवीस वर्षांनी. तासभर वाद झाला. ती नसेल तर प्रचारालाही मी येणार नाही, असं म्हटल्यावर डेर्कने तुझं नाव दुसऱ्या जागी लिहिलं. तुला न विचारता हे केलं, त्याबद्दल शिव्या दे. संमतीचा कागद सोबत आहे, पुढच्या शुक्रवारपर्यंत डेर्ककडे पोहोचायला हवा. नगरपालिकेच्या कारकुनाला मी मुद्दाम विचारलं, “नवऱ्याची सही कुठे घ्यायची?” त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “बाई, तशी जागाच नाही यात.” ते ऐकायला छान वाटलं म्हणून मी पुन्हा एकदा विचारलं. बेरेंडला सांग, त्याला विचारू नकोस. आणि नाही म्हणायचं असलं तर तेही तूच म्हण. त्याच्या तोंडून आलेला नकार मी घेणार नाही.

तुझीच,
रूलफीन