कोवळ्या ज्वारीतलं विष

४ सप्टेंबर १९८२, औसा
वाईट दिवस. जनावरांच्या दवाखान्यात बोलावणं आलं तसा फटफटीवरून जवळच्या खेड्यात गेलो. नागम्माचे दोन्ही बैल शेतातच आडवे — तोंडाला फेस, धापा. रक्त काढलं तर लालभडक! श्वासाला कडू बदामासारखा वास. सायनाइडच!

त्यावरचं औषध, थायोसल्फेट, एकाच जनावरापुरतं होतं. जिल्हा नवा झाला, औषधं अजून जुन्या जिल्ह्याला, उस्मानाबादेतच अडकलेली. नागम्मांना विचारावं लागलं — कोणता वाचवू? पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "ज्याची आस हाय त्याला द्या." पांढरा वाचला. दुसरा माझ्यासमोर गेला.

त्यात गाव शेजारच्या रानातल्या शेषेरावावर धावून गेलं. बांधावरून त्याचं नागम्माशी भांडण आहे. "यानंच विष घातलं!" मी मध्ये पडलो — उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही.

५ सप्टेंबर
नागम्माच्याच रानात ज्वारी पावसावाचून गुडघ्याएवढीच खुरटलेली, शेंडे खाल्लेले. सगळ्यांदेखत पाला चुरून बाटलीत टाकला, वर सायनाइड ओळखणारा पिक्रेटचा पिवळा कागद लटकवला. थोड्या वेळानं कागद विटकरी!

अशा पानात विष साखरेला बांधलेलं असतं, तोवर निरुपद्रवी. ते तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीत वेगळ्या जागी. जनावर चावतं, भिंती फुटतात, दोघांची गाठ पडते. विकराच्या खाचेत तो रेणू नेमका बसतो, साखर सुटते, उरलेला तुकडा फुटतो — सायनाइड मोकळं! विकर मात्र जसंच्या तसं, पुढच्या रेणूला तयार.

मग सायनाइड बैलाच्या पेशीत शिरून श्वासाच्या विकरातल्या लोहाला चिकटतं. रक्तात प्राणवायू भरपूर, पण पेशीला वापरता येत नाही. म्हणून रक्त इतकं लाल. यकृतात विष निवळणारंही विकर आहे, पण त्याला गंधक लागतं. थायोसल्फेटमधून पांढऱ्याला मी तेच टोचलं.

गावाला एवढंच सांगितलं — "कुणी घातलं नाही. पाल्यातच होतं." नागम्मा खाली बसल्या. "हिरवं दिसलं म्हणून म्याच सोडले, डाक्टर. उपाशी हुते वो." पाठीवर हात ठेवला.

६ सप्टेंबर
पांढरा उठला. पाणी प्याला!

८ सप्टेंबर
शेषेराव बायकोपोरांसकट गाव सोडून गेला. माफी मागायला गेलेल्यांना कुलूप दिसलं. नागम्मा औशाच्या स्टँडवर भेटल्या — किल्लारीला, शेषेरावाच्या सासरवाडीला निघाल्या होत्या. म्हटलं, उन्हात तुम्ही कशाला? गावातलं कुणी जाईल माफी मागायला.

"न्हाई. त्याचं नाव पहिल्यांदा म्याच घेतलं हुतं."