दांडा पुढे कोणी ठेवला

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा खोटं बोललो. ताईने फोनवर विचारलं, दिवसभर काय केलंस? म्हटलं, इंजिनाचा जोर तपासला. खरं म्हणजे सीटांच्या फटीतून बिस्किटांचा चुरा ओढला आणि विमानातले संडास धुतले. तिने लगेच फोन बाजूला धरून भावजींना सांगितलं — ऐकलंत का, जोर तपासतोय म्हणे! तिच्या आवाजातली ती ऐट. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इथे विमानं दुरुस्त करायच्या हँगरमध्ये मला 'फडकं' म्हणतात. हाक आली की जातो.

५ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत केबलकाकांनी कॉकपिटमध्ये बोलावलं. हँगरमधले सगळ्यात जुने मेकॅनिक. प्रत्येक गोष्ट 'आमच्या वेळी केबल होती' इथून सुरू करतात म्हणून हे नाव. सगळ्या हँगरात तेच एक मला काही शिकवतात. सातवीत शाळा सोडली तेव्हा असा कोणी भेटला असता तर! जाऊ दे. सोडली ती मीच.

दोन खुर्च्यांच्या मधे दोन दांडे असतात, एकेका इंजिनाचा एकेक. पूर्वी दांडा ढकलला की तार थेट इंजिनापर्यंत ओढली जायची. ती तारही ढिली असायची, म्हणून आधी थोडं ढकलून बघायचं, इंजिन हातात येतंय का. आता तार नाहीच. दांडा किती कलला तेवढं बुडाशी मोजलं जातं आणि तो आकडा इंजिनावर बसवलेल्या कॉम्प्युटरला जातो. प्रत्येक इंजिनाचा कॉम्प्युटर वेगळा, आणि त्या एकातही डोकी दोन. एकाने मान टाकली की दुसरं सांभाळतं. बाहेर हवा किती गार, किती विरळ, आतला पंखा किती फिरतोय, किती तापलंय, हे सगळं बघून इंधन किती सोडायचं ते तो ठरवतो. माणसाने पार पुढे लोटला तरी इंजिनाला सोसेल त्याच्या वर जाऊ देत नाही.

काका म्हणाले, "दांडा म्हणजे नुसता अर्ज रे. मंजूर करणारा साहेब तिकडे पंखाखाली लटकलाय."

मी विचारलं, मंजुरीला वेळ किती लागतो? ते हसले. म्हणाले, आपल्या ऑफिसासारखं नाही, पापणी लवायच्या आत वाचतो. इंजिनाला फिरून वर यायला काही सेकंद लागतील, तेवढेच.

७ मार्च, शुक्रवार

आज काकांनी ऑटोथ्रस्ट शिकवलं. वर चढताना पायलट दांडे एका खाचेत बसवतो आणि हात काढून घेतो. पुढे वेग किती हवा तेवढं सांगायचं. वेग पडायला लागला की कॉम्प्युटर जोर वाढवतो, जास्त झाला की उतरवतो. गंमत म्हणजे दांडे जागचे हलत नाहीत! आत जोर कमी-जास्त होतोय, दांडे आपले शहाण्यासारखे खाचेत. दुसऱ्या एका जातीच्या विमानात ते आपोआप पुढे-मागे सरकतात, भूत बसल्यासारखे. काकांना तेच आवडतात. म्हणतात, हाताला कळतं तरी काय चाललंय ते.

आणि उतरताना, चाकं टेकायच्या जरा आधी, विमान स्वतःच मोठ्याने बोलतं — मागे घे. कारण दांडे अजून त्याच खाचेत असतात. पायलटने पार मागे ओढले की ऑटोथ्रस्ट सुटतं. नाही ओढले तर? काका म्हणाले, तर विमानाला वाटतं ह्यांना अजून उडायचंय.

संध्याकाळी हे सगळं ताईला सांगितलं, जसं काही मीच ते बसवलंय. भावजींनी विचारलं, मग पायलट काय करतो, चहा पितो का? खूप हसलो. फोन ठेवल्यावर हातांना फिनाईलचा वास येत होता.

१० मार्च, सोमवार

लिहू नये असं वाटतंय.

सकाळी कॉकपिट पुसायला दिलं. नियम असा की मधल्या दांड्यांना हात लावायचा नाही, लांबूनच ब्रशने धूळ काढायची. मी बसलो! डाव्या खुर्चीत. दांडे पुढे ढकलले. टक् — पहिली खाच. टक् — दुसरी. तो आवाज हाताला इतका गोड लागतो. तेवढ्यात खाली हँगरच्या साहेबांचा आवाज आला. बादली उचलून पळालो.

दुपारी तेच विमान बाहेर नेऊन उजवं इंजिन चालवून बघायचं होतं. खुर्चीत केबलकाका. खाली चोक्या, माझा खोलीतला सोबती. चाकांना लावायचे ते रबरी ठोकळे, चोक, ते त्याचं काम. मी हँगरच्या आत, मागच्या नळावर फडकी पिळत होतो. इंजिन एकदम किंचाळलं, मग माणसं. धावत बाहेर गेलो. विमानाने पुढच्या चाकाचा चोक रेटत नेला होता आणि चोक्याचा पाय त्याच्याखाली होता.

दांडे मागे ओढले होते का मी? आठवत नाही. कितीही आठवलं तरी बादलीच आठवते.

११ मार्च, मंगळवार

काकांनी बोळात गाठलं. फार हळू विचारलं, "तू सकाळी त्या खुर्चीत बसला होतास का रे?"

माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं असणार. म्हणाले, दांडा पुढे राहिला असेल, मी न बघता चालू केलं, माझीही चूक आहेच. कोणाला सांगणार नाही म्हणाले. मला रडू आलं. असा माणूस!

१२ मार्च, बुधवार

साहेबांनी सगळ्यांना ऑफिसात उभं केलं. मला विचारलं, खुर्ची पुसलीस? पुसली. दांड्यांना हात लावलास?

"नाही."

काका फरशीकडे बघत होते. त्यांना इंजिन चालवण्याच्या कामावरून काढलं. आता ते सामानाच्या खोलीत बसतात. माझ्या एका शब्दाने.

१३ मार्च, गुरुवार

चोक्याला दवाखान्यातून खोलीवर आणलं. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. बोटं काळीनिळी.

१५ मार्च, शनिवार

त्याला अंघोळ घातली. प्लास्टरला पिशवी बांधली, खुर्चीवर बसवलं, पाठ चोळली. तो आपला चेष्टा करतोय — फडक्या, विमान धुतोस तसं घासू नकोस, सालं निघतील. मग सांगितलं, डॉक्टर म्हणे, पाऊल पहिल्यासारखं टेकेल याची खात्री नाही. आणि ज्याचं पाऊल टेकत नाही त्याला चाकाजवळ कोण उभं करणार? "तू आहेस म्हणून निभतंय बाबा," असं म्हणाला. साबण हातातून निसटला.

त्याने एक सणसणीत ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं.

१७ मार्च, सोमवार

साहेबांना सांगितलं. सगळं. खुर्चीत बसलो, खाचा वाजवल्या, मग विचारल्यावर खोटं बोललो. साहेबांनी पेन मिटलं. मग गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवायला सांगितलं. चौकशी पुरी होईपर्यंत फाटकाच्या आत यायचं नाही. नंतरही नाहीच, हे न सांगता कळलं.

बाहेर काका भेटले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "याला मोठं मन लागतं पोरा." त्यांना उद्यापासून परत इंजिनावर घेतायत. तेवढं तरी झालं.

१८ मार्च, मंगळवार

चोक्याला सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. जेवण पुढे ठेवलं, तसंच राहिलं.

१९ मार्च, बुधवार

ताईला पण सांगून टाकलं. इंजिन नाही, पोछा. आणि तोही गेला.  ती म्हणाली, लोकांना वाढवून मीच सांगायचे, तू कशाला मान खाली घालतोस? आणि त्या मुलाला सोडून येऊ नकोस, तो उभा राहीपर्यंत तिथेच राहा.

चोक्या अजून बोलत नाही. मी आधार दिला तर घेतो, पण माझ्याकडे बघत नाही. धुतलेला सदरा पुढे केला तर दुसरा घातला.

२१ मार्च, शुक्रवार

चोक्या बोलला. भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, दांडा आधीपासून पुढे असेल तर इंजिन सुरू झाल्यावर गप्प बसतं का? म्हटलं नाही, कॉम्प्युटरला दांडा दिसतोच, सुरू झालं की सरळ वर जाणार.

"पण त्या दिवशी ते गप्प होतं," तो म्हणाला. "सुरू झालं, मी अंगठा दाखवला, मागच्या चाकांचे चोक बघून पुढे परत आलो. तोपर्यंत नुसतं घरघरत होतं. मग किंचाळलं."

 म्हणजे दांडे मागेच होते. इंजिन सुरू झाल्यावर काकांचा हात लागला. थोडं ढकलून बघायचा, तो केबलवाला हात. आणि त्यांना ते माहीत होतं. बोळात मला इतक्या हळू विचारलं तेव्हाही.

चोक्याने कुबड्या ओढल्या. "चल साहेबांकडे. तू तोंड उघडू नकोस. पाय माझा आहे, मी बोलतो."

जिन्यात त्याला धरून एकेक पायरी उतरवत होतो. त्याचं पाऊल लोंबत होतं, दर पायरीला तो दात आवळत होता. आणि मला हसू येत होतं. ओठ चावले तरी थांबेना.